मदत हवी आहे : ऑगस्टमध्ये आईसोबत मसाई मारा

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आई (वय 67) आणि मी केनियाला चाललोय. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मसाई मारा अभयारण्यात जाणार.

सगळ्यात मोठी काळजी यलो फीव्हरच्या (डासांमुळे होणारा पीतज्वर) लशीची. प्रमाणपत्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं आणि ते नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पण साठीनंतर ही लस जपूनच देतात. तुमच्या घरात कोणा ज्येष्ठांनी घेतली आहे का? नंतर ताप, अंगदुखी कितपत झाली? डॉक्टरांना विचारणारच आहोत, तरी अनुभव ऐकायचा आहे.

मलेरियासाठी कोणती गोळी घेतलीत? डॉक्सीसायक्लिनने ऊन बाधतं, आणि आईला उन्हाचा आधीच त्रास आहे.

छोट्या विमानात सामान माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेत. पहाटे उघड्या जीपमध्ये स्वेटर पुरतो की जाड जॅकेट हवंच? प्लास्टिक पिशव्यांवर तिथे 2017 पासून बंदी आहे, म्हणून कापडी शिवून घेतल्यात.

मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (हरणाच्या जातीतले मोठे प्राणी) आईला डोळे भरून पाहायचे आहेत. खडबडीत रस्त्यांवर तिची कंबर कशी सांभाळू, तेही कृपया सांगा.