पायाळू पाणाड्या तपास करतो, पण रहस्य दुसऱ्याच प्रकरणात संपतं. मदत हवी

माणगंगा

नमस्कार मंडळी. वर्षभर एक रहस्यकथा लिहितेय. काळ १९७३ चा उन्हाळा, माण तालुक्यातलं एक गाव. दुष्काळी कामावर पाझर तलावाचं खोदकाम चाललंय. बायाबापड्या डोक्यावर पाट्या वाहतायत, पोरं सुकडीच्या रांगेत उभी आहेत. कामावर हजेरी लिहिणारा कारकून एका रात्रीत नाहीसा होतो. गाव म्हणतं, मजुरीचे पैसे घेऊन पळाला. एकट्या नामाआण्णाला ते पटत नाही. नामाआण्णा गावचा पाणाड्या, म्हणजे विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगणारा. वय पंचावन्न, आणि पायाळू.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, धन दिसतं, असं आपल्याकडं मानतात. मी स्वतः पायाळू आहे. सहा-सात वर्षांची असताना शेजारच्या काकूंना उसण भरली की मला बोलावणं यायचं. काकू सोप्यात पालथ्या पडायच्या. आई माझ्या दंडाला धरून मला त्यांच्या कमरेवर पाय ठेवायला लावायची, तीन वेळा. टाचेखाली मणका लागायचा, लुगड्याचं सूत खरखरायचं, आणि काकू डोळे मिटून म्हणायच्या, "हां, तितंच गं बाय." उठल्यावर माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की मात्र मला माजघराबाहेर पाऊल टाकू देत नसत. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून.

मला जमिनीखालचं कधी काही दिसलं नाही. पण गावानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या अंगात मुरलीय. म्हणून नामाआण्णाची शक्ती मला खरी ठेवायचीय. शेवटी "तो सगळा मनाचा खेळ होता" असं नकोय.

अडचण अशी: जमिनीखाली काही असलं की त्याचे तळपाय गार पडतात. दुसऱ्या प्रकरणात तो तलावाच्या भरावावरून चालतो, पाय गार पडतात, उकरतात, प्रेत सापडतं. मैत्रिणीनं वाचून विचारलं, "मग पुढची दीडशे पानं कशाला?" एका कार्यशाळेत सांगण्यात आलं की शक्ती काढूनच टाका, रहस्यकथेच्या नियमात बसत नाही. मला काढायची नाही. काय करू?

भिंग

कार्यशाळेत बहुधा नॉक्सचे दहा नियम सांगितले असणार. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकारानं ते १९२९ मध्ये मांडले. दुसरा नियम: अलौकिक शक्तीला मज्जाव. सहावा: तपास करणाऱ्याला कारण न देता आलेली अंतःप्रेरणा खरी ठरता कामा नये. पण हे नियम कशासाठी होते ते बघा. वाचकालाही लेखकाच्या बरोबरीनं कोडं सोडवायची संधी मिळावी, एवढ्यासाठी. तुमच्या कथेत शक्ती आहे म्हणून वाचक फसत नाही. ती काय करू शकते आणि काय नाही, हे त्याला आधी कळत नाही, म्हणून फसतो.

तेव्हा शक्तीला कुंपण घाला, आणि ते पहिल्याच प्रकरणात वाचकाला दाखवा. तळपाय गार पडतात, ठीक. पण पाण्याला वेगळे, प्रेताला वेगळे असं नको. सगळ्याला सारखेच गार पडू देत. त्या वर्षी चारापाण्यावाचून जनावरं मेली, कुठंकुठं ती पुरलेली असणार. नामाआण्णा छातीठोकपणे सांगतो "इथं खणा", चार गडी घाम गाळतात आणि खालून बैलाची शिंगं निघतात. गाव हसतं. ज्याचा बैल तो मात्र मटकन खाली बसतो. हे प्रकरण मी तर आवडीनं वाचेन. शिवाय दुसऱ्यांदा तो "इथं खणा" म्हणेल तेव्हा एकही गडी टिकाव घेऊन येणार नाही. कथा पुढं ढकलायला तेवढं पुरे.

आणखी एक. त्याला "कुठं" हे कळावं. "कोणी" हे कधीही कळू नये.

निवृत्त ठाणे अंमलदार

ताई, मी चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. तुमचा नामाआण्णा माझ्या ठाण्यात येऊन "अमुक ठिकाणी प्रेत आहे" म्हणाला असता तर मी पहिल्यांदा त्यालाच बाकावर बसवून ठेवलं असतं. प्रेत कुठं पुरलंय हे पुरणाऱ्यालाच ठाऊक असतं, हा आमचा पहिला हिशोब. तुमच्या काळात १८७२ चा पुरावा कायदा होता. त्याचं कलम २७ असं की कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू मिळाली, तर माहितीचा तेवढा भाग त्याच्याविरुद्ध वापरता येतो. म्हणजे पायाळूपणानं त्याला सुटका मिळत नाही, उलट तोच गळ्याशी येतो. त्याला हे कळत असेल तर तो तोंड उघडण्याआधी दहा वेळा विचार करील. तुमची दीडशे पानं त्या गप्प बसण्यात आहेत.

दुसरं, पंचनाम्यात "पायाळू इसमाचे तळपाय गार पडले" असं लिहिता येत नाही. पुरलेलं प्रेत उकरायचं तर तहसीलदारांना बोलवावं लागतं, दोन पंच लागतात, आणि सगळे विचारतात, इथंच का? त्याला सांगता येईल असं जमिनीवरचं कारण हवं.

त्यासाठी प्रेत भरावावरून हलवा. तिथली सगळी माती उकरून आणलेलीच असते, खूण राहणार कशी? शेजारच्या पडीक रानात न्या. जमीन खणून परत बुजवली की थर उलटे होतात. खालचा पिवळा मुरूम वर येतो, वरची काळी माती खाली जाते. कितीही नीट बुजवा, रंग लपत नाही. पाऊस पडून गेला की बुजवलेली जागा खचते, तिथं बशीसारखा खळगा होतो. एका प्रकरणात आम्ही दोन दिवस एक रान तुडवत होतो. तिथल्या सालगड्यानं एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं. अर्धं काळं, अर्धं पिवळं. "सायेब, ह्ये हितलं न्हाई, खालचं हाय." त्याच्या पायाखाली दीड हातावर आम्हाला मिळालं. त्या गड्याला कसली शक्ती नव्हती, जन्म त्या मातीत गेला होता.

नामाआण्णाचे पाय आधी गार पडू देत, पण तिथं पिवळं ढेकूळही असू दे. वाचकाला ते ढेकूळ दोन प्रकरणं आधी दिसलेलं असावं, नुसतं जाता जाता.

दकार्गल

अंमलदार साहेबांचं म्हणणं पटलं. त्याला जोड म्हणून सांगतो. वराहमिहिर या प्राचीन ज्योतिर्विदाच्या बृहत्संहिता या ग्रंथात दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूजलावर आहे. कुठल्या झाडाजवळ वारूळ असलं तर कुठल्या दिशेला, किती खोल पाणी लागेल, असं त्यात सांगितलंय. तुमच्या पाणाड्यालाही उंबर, जांभूळ, वारूळ वाचता येत असणार. त्याची विद्या कुठं संपते आणि पायाळूपण कुठं सुरू होतं, हे त्याचं त्यालाही नेमकं सांगता येऊ नये. तुम्हाला शक्ती खरी हवीय, ठेवा की. फक्त एखाद्या जागी तरी असं काही घडू द्या जे मातीवरून किंवा झाडावरून सांगता येणारच नाही.

कथा आजच्या काळात आणलीत तर मात्र सांभाळा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं आहेत. १९७३ च बरं.

आणि ताई, विजेचं तुम्ही एका ओळीत उरकलंत! पायाळू माणूस गडगडाटात घराबाहेर पडत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो प्रेत कधी पुरेल?

माणगंगा

दकार्गल, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी वही घेऊन बसले ती रात्री दीडपर्यंत.

आता असं करतेय. वळवाचा पहिला पाऊस, रात्रीची वेळ, विजा कडाडतायत. नामाआण्णा माजघरात सारवलेल्या जमिनीवर बसलाय. अचानक त्याचे तळपाय गार पडतात. घराखाली काही नाही हे त्याला पन्नास वर्षं माहीत आहे. म्हणजे बाहेर कुठंतरी या घटकेला काहीतरी जमिनीत जातंय. उंबऱ्यापर्यंत जातो, वीज लखलखते, आणि तो मागं फिरतो. एवढी एकच गोष्ट मी मातीवरून सांगणार नाही. त्या रात्री बाहेर न पडल्याचा सल त्याला शेवटपर्यंत राहील.

बैलाची शिंगं घेतली. पडीक रान आणि पिवळं ढेकूळही घेतलं. पावसानं धुतलेला मुरूम जास्तच पिवळा दिसतो, ते मी लहानपणी पाहिलंय. ठाण्यातला बाक तर घेतलाच.

आणि "कोणी" हे आता माझं मलाच सापडलं. मारणारा मुकादम. हजेरीपटावर खोटी नावं घालून मजुरी उचलत होता आणि कारकुनाला ते कळलं होतं. मुकादम परगावचा, त्याला पायाळूबियाळू कसं ठाऊक असणार, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. पण त्याला ठाऊक आहे, आणि वाचकानं ते पहिल्याच पानावर पाहिलेलं असेल. कथा आता तिथूनच सुरू होते. मुकादमाच्या बायकोला उसण भरलीय. ती सोप्यात पालथी पडलीय, नामाआण्णा तिच्या कमरेवर पाय ठेवतोय. बाहेर आभाळ भरून येतंय आणि म्हातारी ओरडतेय, "नामा, आत हो आधी, गडगडतंय!" मुकादम खांबाला टेकून उभा आहे, हातात नामाआण्णाला द्यायचा गुळाचा खडा.