मदत हवी आहे: जुन्या डिझेल पिकअपचं अ‍ॅव्हरेज १२.५ वरून ९.३ वर आलंय

नमस्कार मंडळी. आमची पिकअप २०११ ची. अडीच लिटरचं टर्बो डिझेल, इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप मेकॅनिकल. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. रात्री अडीचला सासवडहून निघायचं, दिवे घाट उतरून हडपसर आणि तिथून गुलटेकडीचं मार्केट यार्ड. जाताना टनभर माल, हंगामाप्रमाणे वाटाणा, सीताफळ, अंजीर. येताना रिकामे क्रेट. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर धरा.

गेल्या दिवाळीपर्यंत १२.५ पडायचं, आता ९.३. हे अंदाजाने सांगत नाही. एकाच पेट्रोल पंपावर, गन पहिल्यांदा आपोआप कट झाली की थांबायचं, असं सलग तीन टाक्या मोजलंय. महिन्याला पन्नासेक लिटर जादा म्हणजे साडेचार हजार रुपये. भाजीच्या भाड्यात ते निघत नाहीत.

आतापर्यंत एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले, टॅपेट सेट केले. टायर जुन्याच साइजचे आहेत, हवा थंड टायरमध्ये तपासतो. टर्बोकडून येणारा रबरी पाइप क्लिपजवळ चिरलेला सापडला. बोटाने दाबला की चीर उघडायची, कडेला ऑइलची काळी ओल होती. तो बदलल्यावर चढावरचा काळा धूर जवळजवळ गेला, गाडी ओढायलाही लागली. अ‍ॅव्हरेज मात्र ८.९ चं ९.३ झालं, तेवढंच.

मिस्त्री म्हणतात, डिझेलचा पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवू. खर्च २५ हजारांच्या पुढे. करायचं तर करू, पण दोष तिथेच आहे हे आधी कसं ठरवायचं?

घाट न्यूट्रलमध्ये उतर, असं दोघातिघांनी सुचवलं. ते मी करणार नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की पंप डिझेल जवळजवळ तोडतोच. न्यूट्रलला आयडलिंगचं डिझेल जळत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे टनभर माल आणि पुढे वळण असताना ब्रेक तापून सुटले तर काय, हे सांगायला नको.

एक राहिलं. दिवाळीच्या सुमारास घाट चढताना पाणी उकळलं होतं, ते काम करून घेतलं. तेव्हापासून हीटचा काटा पाव भागाच्या वर जात नाही. हे चांगलंच लक्षण ना?

प्रतिसाद १:
दादा, नाही, तिथेच गोम आहे. पाणी उकळलं की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकतात. गाडी तापत नाही, पण इंजिन कायम गार चालतं. त्याला ८०-८५ अंश लागतात. त्याखाली डिझेल पुरतं जळत नाही आणि ऑइल दाट राहतं. तुमचा भरला प्रवास पहाटेचा आणि उताराचा, म्हणजे इंजिन तापायला वावच नाही. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर आत थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका.

प्रतिसाद २:
शिवाय ब्रेक धरतोय का बघा. घाट उतरल्यावर नको, तेव्हा चारही चाकं गरमच असतात. जेजुरी रोडला सपाटीवर सहा-सात किलोमीटर ब्रेक न दाबता चालवा, गाडी आपोआप थांबू द्या, मग तळहात प्रत्येक ड्रमजवळ न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर जॅक लावून हाताने फिरवून बघा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. इंजिनावर थर्मोस्टॅटच्या जागी तो खरंच नव्हता, नुसतं झाकण बसवलं होतं. नवीन टाकला, रेडिएटरही आतून धुऊन घेतला. काटा आता मधोमध राहतो, चढालाही वर गेला नाही. आणि मागचं डावं चाक! बाकीच्या तिन्हींजवळ हात सहज ठेवता येत होता, इथे लगेच मागे घ्यावा लागला. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती, लायनर सुटतच नव्हते. केबल बदलली, चाक आता बोटाने फिरतं.

पहिली टाकी ११.४. अजून दोन मोजतो. पंप तसाच ठेवलाय, पण चार नोझलचं प्रेशर आणि फवारा मशीनवर तपासून घ्यायचाय. हडपसर-कोंढवा भागात पंप न उतरवता फक्त नोझल तपासून देणारं कोणी खात्रीचं माहीत आहे का?