मदत हवी आहे: हिंट विकण्यासाठी कोडं मुद्दाम बिघडवा म्हणणाऱ्या प्रकाशकाला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून मोबाइलसाठी कोड्यांचा गेम करतोय. कोकणातली खाडी आणि तर (पैलतीरी नेणारी होडी) चालवणारी एक मुलगी. भरतीला काही वाटा बुडतात, ओहोटीला उघड्या पडतात. वेळ साधून माणसं, सायकली आणि एक हट्टी बोकड पैलतीरी पोचवायचा. चित्रं माझी बहीण कागदावर जलरंगात काढते, मी स्कॅन करून थर सुटे करतो. काम वेळखाऊ आहे आणि साठवलेले पैसे संपत आलेत.

एक प्रकाशक (नाव लिहीत नाही) पैसे लावायला तयार आहे. अटी अशा: गेम फुकट, प्रत्येक लेव्हलनंतर जाहिरात, हिंट विकत, आणि मधल्या लेव्हल एकदम अवघड करायच्या म्हणजे लोक हिंट घेतील.

जाहिरातींचं मला सोवळं नाही. अडतंय ते शेवटच्या अटीपाशी. एका लेव्हलमध्ये पाणी कुठवर चढणार हे धक्क्याच्या खांबावरच्या शेवाळाच्या रेषेवरून कळतं. रेष दिसली की कोडं सुटतं, आणि ती दिसण्यातच सगळी गंमत आहे. त्यांच्या माणसाचं म्हणणं, रेष पुसा आणि हिंटमध्ये दाखवा. म्हणजे चित्र आधी आपणच बिघडवायचं आणि मग दुरुस्तीचे पैसे घ्यायचे!

थेट विकत द्यावा तर अँड्रॉइडवर धीर होत नाही. ‘मॉन्युमेंट व्हॅली’सारख्या देखण्या गेमच्या कंपनीनेच 2015 मध्ये सांगितलं होतं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी जेमतेम 5 टक्के पैसे भरून झालेले आहेत. ‘आल्टोज अ‍ॅडव्हेंचर’ आयफोनवर विकत होता, अँड्रॉइडवर आणताना तो फुकट आणि जाहिरातींसह आणला. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) 100 डॉलर भरून गेम लावता येतो, विक्रीतले 30 टक्के ते घेतात, तेही ठीक. पण तिथे 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. आमचा गेम दीड तासात संपतो! लांबवायचा तर पाणी घालावं लागेल, आणि पाणी आधीच भरपूर आहे.

तर जाणकारांनो, प्रकाशकाशी बोलताना नेमकं कशावर अडून बसावं आणि काय सोडून द्यावं?

प्रतिसाद 1
फुकटातल्या गेमवरच पोट आहे, म्हणून लिहितो. हिंट विकण्यात गैर काही नाही, पण ती अडलेल्याला हवी, अडवलेल्याला नव्हे. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ डिसेंबर 2022 मध्ये मोबाइलवर फुकट आला. त्यात जाहिरात खेळणारा स्वतः मागेल तेव्हाच लागते. तुम्हीही हिंटच्या बदल्यात जाहिरात ठेवा आणि दर लेव्हलची काढायला लावा. शेवाळाच्या रेषेसाठी कलेची बाजू मांडू नका, त्यांना ती भाषा समजत नाही. दोन्ही आवृत्त्या थोड्या लोकांना देऊन आकडे बघू म्हणा. रेष पुसलेल्या लेव्हलला लोक हिंट घेतात की गेम उडवतात? माझा अंदाज, उडवतील.

प्रतिसाद 2
पहिल्या काही लेव्हल फुकट आणि मग एकदाच पैसे, असं का नाही करत? कोडं जसंच्या तसं राहील.

प्रतिसाद 3
वरच्यांना: ऐकायला छान आहे. ‘सुपर मारिओ रन’ 2016 मध्ये असाच आणला होता, पुढचं सगळं 9.99 डॉलरला. नफा अपेक्षेएवढा नाही हे मारिओच्या कंपनीनेच, निन्टेंडोने सांगितलं. मारिओची ही गत, तर तुमच्या बोकडाला कोण विचारतो? (बोकड आवडला, ते सोडा.)
धागाकर्त्यांनी अनुदानाचा रस्ता बघावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं ‘राजी’ या गेमसाठी 2017 चं किकस्टार्टर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणं) यशस्वी झालं नव्हतं. पुढे एपिक या गेम कंपनीचं अनुदान मिळालं आणि 2020 मध्ये गेम आला. तुमच्याकडे खेळता येईल असा नमुना आहे ना? मग अर्ज करायला काय हरकत आहे?

धागाकर्ता
सर्वांचे आभार. दोन आवृत्त्यांची कल्पना बहिणीलाही पटली. म्हणाली, पुसलेली रेष मीच काढून देते, त्यांना वाईट तरी नीट दिसू दे. अनुदानाचा अर्जही लिहायला घेतलाय.

आता करारातलं एक विचारतो. प्रकाशकाचा खर्च आधी वसूल होणार आणि मग आम्हाला वाटा, असं कलम आहे. त्या खर्चात त्यांनी केलेली जाहिरातही धरली आहे आणि तिला कमाल मर्यादा लिहिलेली नाही. प्रतिसाद 1 वाले, तुमच्याकडे अशी मर्यादा लिहून घेतात का? आणि वसुलीचा हिशेब दर महिन्याला मागता येतो की तिमाहीलाच?