मॅडमनी स्वतःचंच दुःख सांगितलं, आता काय करू?

वडगावची सून
वडील गेल्यापासनं झोप नाही, म्हणून टिळकवाडीत एका कौन्सेलर मॅडमांकडं जाते. मराठीत बोलतात, हे माझ्यासाठी मोठं. रडताना कन्नड सुचत नाही. परवा बाबांच्या शेवटच्या दिवसांचं सांगायलेले, तर त्यांनी आपल्या आईचं आजारपण काढलं आणि डोळे पुसायला लागल्या. टिश्यूचा डबा मीच त्यांच्याकडं सरकवला. फी देऊन रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं, बाबांचं राहूनच गेलं. बाई वाईट नाहीत हो, पण आता त्यांच्यासमोर रडायची चोरी झालीय. असं चालतं काय?

निपाणीकर
त्यात काय ताई, माणूसच त्या. आमच्या डॉक्टरांनी ‘मलाही शुगर आहे’ म्हटलं, तेव्हा कुठं मी गोळ्या नीट घ्यायला लागलो.

शहापूरची ताई
मी हेच काम करते. निपाणीकर, तुमचे डॉक्टर एक वाक्य बोलले आणि परत तुमच्या शुगरवर आले. इथं अख्खा तास तिकडंच गेला.

मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडनं १९१२ मध्ये लिहिलं होतं, डॉक्टरनं आरशासारखं राहावं, आपलं काही दाखवू नये. एवढं सोवळं आता फारसं कोणी पाळत नाही. बेळगावात तर जमायचंच नाही, हळदीकुंकवाला गेलं की पेशंटची जाऊच वाण घेऊन पुढं. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते: बाहेर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही हाक मारलीत तर बोलेन. आणि स्वतःचं काही सांगायच्या आधी बघते, याची गरज समोरच्याला आहे की मलाच? मलाच असेल, तर ते माझ्या सुपरवायझरकडं, म्हणजे माझ्या कामावर नजर ठेवणाऱ्या अनुभवी कौन्सेलरकडं, न्यायचं.

ताई, लगेच सोडू नका. पुढच्या खेपेला बसल्याबसल्या म्हणा, ‘मागच्या वेळी बाबांचं राहिलं, मला तुमचीच काळजी लागली.’ ऐकून घेतलं तर उत्तम. परत आपलंच सुरू केलं तर दुसरं कोणी बघा.

वडगावची सून
दुखावल्या तर? आणि हे सगळं मी घरी नवऱ्याला सांगून बसलेय.

शहापूरची ताई
दुखावल्या तर त्यांचं त्या बघतील, ते तुमच्याकडं नाही. गुप्तता पाळायची ती उपचार करणाऱ्यानं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २३ मध्ये, तो हक्क पेशंटला दिलाय. नवऱ्याला सांगितलंत ते ठीक. भिशीत मात्र नको, त्यांच्याकडं जाणारी आणखी कोण तिथं बसलेली असेल सांगता येत नाही.