नळ कारागीर व्यवसाय शिकण्यासाठी संस्था निवडताना काय पाहावे?

कृष्णाकाठ
माझा धाकटा भाऊ यंदा दहावी उत्तीर्ण झाला असून त्याला प्लंबिंगच शिकायचे आहे. तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये नळ कारागीर हा १ वर्षाचा व्यवसाय आहे, शहरातील एका खासगी आयटीआयमध्येही तोच आहे आणि एक खासगी वर्ग ३ महिन्यांत शिकवून नोकरीची हमी देतो. खासगी संस्थेची इमारत देखणी आहे, तर शासकीय संस्थेची शेड जुनाट आहे. वर्षभर कमाई थांबेल म्हणून वडिलांचा कल ३ महिन्यांच्या वर्गाकडे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिल्प निदेशक
इमारत पाहू नका, कार्यशाळेच्या कोपऱ्यातला भंगाराचा ढीग पाहा. जिथे मुले खरोखर हात चालवतात, तिथे अर्धवट आटे पाडलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे तुकडे आणि वाकडे चिकटलेले सीपीव्हीसीचे (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपचे) सांधे हमखास सापडतात. जिथे आटे पाडायचा डाय सेट कपाटात कागदात गुंडाळलेला असतो आणि भिंतीवर बसवलेल्या बेसिनला पाणीच जोडलेले नसते, तिथली मुले आकृत्यांच्या सुबक वह्या घेऊन बाहेर पडतात. पाइपमध्ये दाब भरून गळती तपासण्याचा हातपंप कुठे आहे, हे प्राचार्यांना नव्हे, एखाद्या प्रशिक्षणार्थ्याला विचारा.

दुसरे असे की, केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता संस्थेला सरसकट मिळत नाही, ती व्यवसायनिहाय आणि तुकडीनिहाय असते. म्हणून ‘आमची संस्था मान्यताप्राप्त आहे’ एवढ्यावर समाधान न मानता नळ कारागीर व्यवसायाच्या संबंधित तुकडीचा संलग्नता आदेश पाहायला मागा. हा नियम शासकीय संस्थेलाही लागू आहे, बरे का.

साइटवरचा ठेकेदार
निदेशक साहेबांचे म्हणणे मान्य, पण आट्यांवर फार भर नको. हल्ली इमारतींच्या आतील बहुतेक काम सीपीव्हीसीचे असते आणि खरी परीक्षा सांडपाण्याच्या लाइनीत होते. ३ महिन्यांचा वर्ग करून आलेल्या एका मुलाने माझ्या साइटवर सांधे सुरेख चिकटवले, मात्र नहाणी ट्रॅपकडे (बाथरूमच्या फरशीतील, पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाइपला उतार उलटा दिला. फरशी बसल्यावर ते लक्षात आले आणि बाथरूम पुन्हा फोडावे लागले. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी का थांबले पाहिजे, ते आटले तर घरात वास का येतो, हे ज्या संस्थेत उघड्या ट्रॅपवर दाखवतात तिथे भावाला घाला. पुढे स्वतःच्या नावावर कामे घ्यायची झाल्यास महापालिकेचा परवाना लागू शकतो. त्यासाठी कोणते प्रमाणपत्र चालते, ते पाणीपुरवठा विभागात आत्ताच विचारून ठेवा.

निवृत्त शिल्प निदेशक
उताराचा मुद्दा रास्त आहे. कमाईविषयी वडिलांना सांगा की, आयटीआयनंतर १९६१च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. नोकरीची हमी देणाऱ्यांकडून मागच्या तुकडीतील पाच मुलांचे फोन क्रमांक मागून पाहा.

कृष्णाकाठ
क्रमांक मागितले, तेव्हा ‘प्रवेश घेतल्यावर देऊ’ असे उत्तर मिळाले. शासकीय शेडमध्ये मात्र एका मुलाने हातपंप जोडून दाखवला, सांधा गळला आणि तो न लाजता पुन्हा कापायला बसला. प्रवेश अर्जात संस्थांचे पर्याय भरताना तीच संस्था पहिल्या क्रमांकावर टाकत आहोत. सुट्टीच्या दिवशी भावाने गावातील प्लंबरकाकांच्या हाताखाली जायचे, या अटीवर वडीलही तयार झाले आहेत.