फ्लोरिडातल्या हत्तींची टूर: सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

वैशाली (बी-२०४): नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं आणि सासूबाई मुलाकडं ऑरलँडोला चाललोय. सूनबाईनं डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममधली हत्तींची टूर सुचवलीय, ‘केअरिंग फॉर जायंट्स’ नावाची. पार्कच्या तिकिटाशिवाय हिचे पैसे वेगळे पडतात. कुणी केलीय का? पाच वर्षांचा नातू बरोबर असेल. हत्तीवर बसायला मिळणार, असं त्यानं डोक्यात घेतलंय.

सेक्रेटरी (ए-३०२): आपले जनावरांचे डॉक्टर मुलीकडं टॅम्पाला गेले होते तेव्हा बघून आलेत. डॉक्टर, सांगा की.

डॉक्टर (ए-१०१): होय, केलीय. जरा मोठं लिहितो, सावकाश वाचा.

वैशालीताई, आधी नातवाला समजावून ठेवा. हत्तीवर बसायचं नाही, हात लावायचा नाही, केळंही द्यायचं नाही. तुम्ही आणि हत्ती यांच्यात ८० ते १०० फूट अंतर असतं. आपल्याकडं दारात हत्ती आला की नारळ द्यायचा, सोंड डोक्यावर ठेवून घ्यायची, ही लहानपणापासूनची सवय. तिथं तसं काही नाही हे पोराला आधीच कळलेलं बरं, नाहीतर हिरमुसून बसेल. वयाची अट ४ वर्षांची आहे, त्यामुळं त्याला घेतील.

टूर सगळी मिळून तासाभराची. पार्कच्या आफ्रिका भागात किलीमांजारो सफारी नावाच्या ट्रकच्या फेरीच्या तोंडाशी नाव नोंदवायचं. तिथून गाडीनं पार्कच्या मागच्या बाजूला नेतात, जिथं एरवी फक्त कामाची माणसं जातात. त्या वाटेवर फोटोला बंदी आहे, मोबाइल खिशात ठेवायचा. हत्ती दिसतात तिथं पोचलं की मग हवे तेवढे फोटो काढा. आपण त्यांच्या आवाराच्या मागच्या अंगाला उभे असतो आणि हत्तींची काळजी घेणारी माणसं समोर बोलत असतात. बरोबर आफ्रिकेतून आलेलं कुणीतरी असतं, ते तिकडच्या गावांतल्या हत्तींबद्दल सांगतं. हे बोलणं ऐकायलाच ही टूर घ्यायची.

निखिल (सी-१०३): पण काका, सफारीच्या ट्रकमधून हत्ती दिसतातच की. ती तर पार्कच्या तिकिटातच येते. मग वेगळे डॉलर कशाला घालवायचे?

डॉक्टर (ए-१०१): निखिल, रास्त प्रश्न आहे. ज्याला फक्त हत्ती बघितल्याचं समाधान हवंय, त्यानं सफारीच करावी. पण ट्रक हत्तींपाशी फार वेळ थांबत नाही. तुम्ही कॅमेरा सावरेपर्यंत गाडी जिराफाकडं वळलेली असते. २०१७ मध्ये ही टूर सुरू झाली तेव्हा माणशी ३० डॉलर होते, आता दर तारखेप्रमाणं बदलतो, बुकिंग करताना कळेल. त्यातला काही हिस्सा हत्तींच्या संवर्धनाला जातो.

आणि एका जागी उभं राहून बघण्यात काय मिळतं ते सांगतो. एक हत्तीण झाडाची फांदी घेऊन उभी होती. पुढच्या पायानं तिनं फांदी जमिनीवर दाबून धरली, सोंडेच्या टोकानं साल धरली आणि उभी सोलत गेली. साल तोंडात, लाकूड बाजूला. मधेच एक बारकी काटकी खाली पडली, ती तिनं सोंडेच्या शेंड्यानं चिमटीत धरावी तशी उचलली. आफ्रिकन हत्तीच्या सोंडेला टोकाशी वर आणि खाली अशी दोन बोटं असतात, आपल्या आशियाई हत्तीला वरचं एकच. आपला हत्ती त्यामुळं वस्तू सोंडेत गुंडाळून उचलतो. नोकरीत असताना मी हे शिकलो होतो. डोळ्यांनी मात्र तिथं बघितलं.

वैशाली (बी-२०४): डॉक्टर, हे फार छान सांगितलंत. म्हणजे ते आपल्यासारखे हत्ती नाहीत?

डॉक्टर (ए-१०१): नाहीत. नातवाला आधी सांगून ठेवा, तो तिथं स्वतः शोधेल. कान केवढे मोठे ते बघ म्हणावं. पाठ मधे खोलगट असते, आपल्या हत्तीची वर उचललेली असते. सुळे नर-मादी दोघांनाही असतात, आपल्याकडं फक्त नराला, तेही प्रत्येकाला नाही. कान सतत हलत असतात ते माश्या उडवायला नाही, कानांमागच्या शिरांमधून रक्त थंड होतं. आणि अंगावर लाल माती उडवून घेतात, ती ऊन आणि किड्यांपासून कातडी राखायला. पोराला वाटेल मस्ती चाललीय, त्याला हे सांगा.

आजोबा (ए-२०१): मी लहान असताना वडील साठमारीच्या गोष्टी सांगायचे. शाहू महाराजांच्या काळात मस्तीला आलेला हत्ती मैदानात सोडायचे आणि साठमार त्याला हुलकावण्या द्यायचे. कोल्हापूरच्या माणसाला हत्ती नवा नाही. इतक्या लांबून तो बघायचा, हे मनाला जरा विचित्र वाटतं.

डॉक्टर (ए-१०१): आजोबा, तुमचं बरोबर आहे, आपण हत्ती जवळून बघितलेली माणसं. म्हणूनच तिथली कामाची पद्धत मला तुम्हाला सांगायचीय.

तिकडच्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांत माणूस हत्तीच्या आवारात मोकळा जात नाही. मधे भक्कम गज असतात. अंकुश नाही. लांब काठीच्या टोकाला एक गोळा असतो, हत्तीनं त्याला कपाळ किंवा पाय लावला की शिट्टी वाजते आणि खाऊ मिळतो. असं करत करत हत्ती गजाला असलेल्या खिडकीतून स्वतः पाय बाहेर देतो. मग नखं कानशीनं घासायची, तळवा साफ करायचा. कानामागच्या शिरेतून रक्त काढायचं तेव्हा स्वतः कान पुढं करतो. नको वाटलं तर हत्ती निघून जातो आणि त्याला शिक्षा होत नाही.

मी आयुष्यभर जनावरांचे पाय बघितलेत. बांधलेला हत्ती दगावतो तो बऱ्याचदा पायामुळं. सिमेंटच्या ओल्या फरशीवर साखळीत उभा राहिला की तळवा झिजतो, नखाला चीर पडते, चिरेत घाण जाऊन पू होतो. वरून अंग धडधाकट दिसतं, आत पाय सडत असतो. माती, चालायला जागा आणि रोज कुणीतरी पाय उचलून बघणारं, एवढं मिळालं तर हे टळतं. तिथं उभं राहून मला सगळ्यात जास्त त्याच गोष्टीचं बरं वाटलं.

मनीषा (सी-२०४): डॉक्टर, हे वाचताना नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीणच डोळ्यांपुढं आली. जुलै २०२५ ला नांदणीहून तिला नेलं त्या दिवशी आमच्या घरी कुणी धड जेवलं नव्हतं.

सेक्रेटरी (ए-३०२): या विषयावर वाद नको, ही विनंती. प्रत्येकाच्या भावना आहेत.

डॉक्टर (ए-१०१): वाद नाही करत. मनीषाताई, ते अश्रू खरे होते. कोर्टाच्या आदेशानं ती गुजरातेतल्या वनतारा प्राणी केंद्रात गेली तेव्हा सगळा जिल्हा हळहळला, हे मी स्वतः बघितलंय. त्याआधी २०१४ मध्ये जोतिबाचा सुंदर हत्ती सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला, तेव्हाही चर्चा झालीच होती. माझं म्हणणं एवढंच की हत्तीवर आपली माया आहे, तर त्याच्या पायाखाली काय आहे आणि शेजारी दुसरा हत्ती आहे का, हे दोन प्रश्न आपण विचारत राहिलं पाहिजे. हत्तिणी कळपात जगतात. आई, मावश्या, आजी, पोरं एकत्र, आणि पुढं एक वयस्क हत्तीण. पाणी कुठं आहे हे तिला ठाऊक असतं. एकटी हत्तीण माणसाला लळा लावते, पण माणूस तिच्याशी तिच्या भाषेत बोलू शकत नाही. त्यांचा बराचसा आवाज तर आपल्या कानाला ऐकूच येत नाही, इतका खालच्या पट्टीतला असतो. हे प्रश्न तिकडच्या पार्कलाही विचारायचेच. कितीही चांगलं ठेवलं तरी ते जंगल नाही, आणि वैशालीताई, तुम्ही तिथं बेधडक विचारा. ती माणसं नीट उत्तर देतात.

मनीषा (सी-२०४): पटलं डॉक्टर.

वैशाली (बी-२०४): काय काय विचारू ते पण सांगा ना. मला ऐनवेळी सुचत नाही. आणि सासूबाईंना इंग्रजी कळत नाही.

डॉक्टर (ए-१०१): सासूबाईंच्या शेजारी मुलाला उभं करा, तो सांगत राहील. त्यांना उभं राहायला त्रास होत असेल तर बसायची सोय आणि गाडीत चढायच्या पायऱ्या याबद्दल बुकिंग करतानाच विचारून घ्या, तिथं पोचल्यावर नको.

विचारायचं म्हणजे, समोर दिसतायत त्या हत्तींचं आपसात नातं काय, कळपात कुणाचं चालतं, रात्री कुठं असतात, कुणाचे दात कितवे चाललेत. हा दातांचा प्रश्न जरूर विचारा. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा पुढं सरकतो. शेवटचा झिजला की चावणं संपतं. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खाणारं जनावर, त्यातलं निम्मंही पचत नाही, म्हणजे दाढा गेल्या की उपासमार. म्हाताऱ्या हत्तीला काय खायला घालतात हे सासूबाईंनाही ऐकावंसं वाटेल.

वेळ सकाळची घ्या. फ्लोरिडातलं मेचं ऊन आपल्यासारखंच, वर घाम वाळत नाही. उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात, विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचं सगळं थांबवतात. टोपी, पाणी आणि चालायला बरे बूट एवढं बास. दुर्बीण असली तर घ्याच. शंभर फुटांवरून हत्तीच्या पापण्या दिसतात.

वैशाली (बी-२०४): सूनबाईला सकाळचंच बुकिंग करायला सांगते. खूप आभार डॉक्टर.

अमोल (बी-१०२): डॉक्टर, मी आजऱ्याचा. आमच्याकडं टस्कर, म्हणजे सुळेवाला रानहत्ती, येतो तेव्हा हौस राहत नाही हो. रात्रीत उसाचा फड झोपवतो, भातात फिरला की आमचा घनसाळ तांदूळ चिखलात. नुकसानभरपाईचे कागद करण्यात महिने जातात. तिकडं शेतकऱ्यांबद्दल काही सांगतात का, की नुसतं हत्तीचंच कौतुक?

डॉक्टर (ए-१०१): अमोल, सांगतात, आणि माझ्या दृष्टीनं टूरमधला तो भाग सगळ्यात कामाचा. हस्तिदंतासाठी मारलेल्या हत्तींबद्दल बोलतात तसंच शेतात शिरणाऱ्या हत्तींबद्दलही. आफ्रिकेतही गावकऱ्यांचं दुखणं तुमच्यासारखंच आहे. मका तयार झाला की रात्री हत्ती.

तिथं केनियात लुसी किंग नावाच्या संशोधक बाईंनी मधमाश्यांचं कुंपण उभं केलं. हत्ती मधमाश्यांना घाबरतो. कातडी जाड असली तरी डोळ्याभोवती, कानामागं, सोंडेच्या आत माशी चावली की त्याला सोसत नाही. म्हणून शेताच्या कडेनं साधारण १० मीटरवर एक अशा पेट्या खांबांना टांगायच्या आणि सगळ्या तारेनं जोडायच्या. हत्तीनं तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या बाहेर पडतात. सगळ्या पेट्या खऱ्या नसतात, मधे मधे नुसत्या दिखाऊ टांगतात, त्यानं खर्च कमी होतो. वर मध विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो.

अमोल (बी-१०२): हे आपल्याकडं चालेल?

डॉक्टर (ए-१०१): खादी ग्रामोद्योग आयोगानं मार्च २०२१ मध्ये कर्नाटकात कोडगूला असाच प्रयोग सुरू केला, ‘री-हॅब’ नावानं. म्हणजे आपल्या शेजारीच झालेलं काम आहे.

पण डोळे झाकून करू नका. आपली सातेरी, म्हणजे इथली देशी मधमाशी, आफ्रिकेतल्या माशीइतकी तापट नाही. हत्ती रात्री येतो आणि माश्या अंधारात फारशा उडत नाहीत. शिवाय आजऱ्याचा पाऊस, पावसाळ्यात पेट्यांना खाऊ घालावा लागतो, नाहीतर वसाहत उडून जाते. सगळ्याच पेट्या रिकाम्या टांगून काही उपयोग नाही. म्हणून राखण सोडायची नाही, हे राखणीच्या जोडीला.

अमोल (बी-१०२): रविवारी गावी चाललोय. भावाला दाखवतो. टस्कर आमच्याकडं ओढ्याच्या अंगानं वर चढतो, तिथंच पेट्या लावायच्या का?

डॉक्टर (ए-१०१): हो, त्याची नेहमीची वाट असेल तीच बाजू आधी. पण शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांना बरोबर घ्या, नाहीतर तुमच्या कडेनं अडला की तो त्यांच्या फडात जाईल. आणि वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात आधी बोलून घ्या, तो कुठून येतो कुठं जातो याची माहिती त्यांच्याकडं असते. पेट्या आणि माश्या सांभाळायचं शिक्षण महाबळेश्वरला मिळतं, भावाला तिकडं पाठवा.

अमोल (बी-१०२): पाठवतो. तार कुठली वापरायची ते फोन करून विचारतो तुम्हाला.

डॉक्टर (ए-१०१): संध्याकाळी सहानंतर करा. काटेरी तार मात्र घेऊ नका, आणि त्यात वीज तर मुळीच सोडू नका.