वुडपिजनसाठी एअर रायफल: .१७७ की .२२, स्प्रिंग की पीसीपी?

मांडवीकर (धागाकर्ता):
भाचा इंग्लंडात लेस्टरजवळ एका शेतावर आहे. रेपसीडच्या (मोहरीसारखी तेलबी) कोवळ्या पिकावर वुडपिजनचे (रानकबुतरांचे) थवे उतरतात, बुजगावणी आणि आवाजाच्या तोफा लावून झाल्या. मालकाने लेखी परवानगी दिली आहे. इंग्लंडात १२ फूट-पाउंड ताकदीपर्यंतची एअर रायफल सर्टिफिकेटशिवाय चालते आणि पिकाचं मोठं नुकसान रोखायला जनरल लायसन्सखाली (सर्वांना लागू असलेला सरकारी परवाना) वुडपिजन मारता येतो. माझं मत: साधी नळी मोडायची स्प्रिंगवाली, .२२ मध्ये (नळीचं भोक, इंचात). पीसीपीसारखी (आधीच दाबाने हवा भरून ठेवायची बंदूक) टाकी नको, पंप नको, छर्रा जड. मतं द्या.

रावपुरा_१७७:
.२२ ला माझा साफ नकार. ताकदीला १२ ची मर्यादा आहे, म्हणजे छर्रा जड केला की वेग पडणारच. साडेअकरा फूट-पाउंडांवर ८.४ ग्रेन वजनाचा .१७७ सेकंदाला साधारण २४० मीटरने निघतो, १६ ग्रेनचा .२२ जेमतेम १७५ ने. दोन्हींचा नेम ३० मीटरवर जुळवा. ४० मीटरवर .१७७ तीनेक सेंटिमीटर खाली लागेल, .२२ पाचाच्या पुढे. पक्ष्याचं डोकं केवढं, तर आपल्या दहाच्या नाण्याएवढं. अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तर .२२ वाला पक्षी जखमी करून सोडणार.

सूरसागर_काठ:
हिशोब बरोबर, पण ४० मीटरवर मारायला सांगितलंय कोणी? नकली पक्षी मांडून जाळीच्या लपणात बसलं की थवा २० ते २५ मीटरवर येतो. तिथे हा फरक उरतच नाही. .१७७ बारीक आणि वेगवान, तो बरेचदा आरपार जातो आणि उरलेली ताकद मागच्या मातीत जिरते. .२२ आत जास्त ताकद सोडतो. शिवाय जानेवारीत गारठलेल्या बोटांनी .१७७ चा छर्रा नळीत बसवून पाहा. निम्मे चिखलात.

रावपुरा_१७७:
मॅगझिनवाली (छर्रे आधीच भरून ठेवायची) घ्या, बोटांचा प्रश्न संपला. वाऱ्यात .२२ टिकते असंही आता कोणीतरी म्हणेल. एकाच ताकदीवर ३० मीटरपर्यंत दोघांच्या वाहण्यात नाव घेण्यासारखा फरक नसतो.

गोळीबंद:
कॅलिबरवर भांडताय, आणि पक्षी निसटतो तो भलत्याच कारणाने. वुडपिजन समोरून छातीवर मारू नका. चरून आलेल्या पक्ष्याची गळ्याखालची पिशवी दाण्यापाल्याने गच्च भरलेली असते, वर पिसांचा दाट थर. छर्रा तिथेच अडतो आणि पक्षी उडून दूर कुठेतरी मरतो. बाजूने मारायचं तर पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे, पाठमोरा असेल तर दोन खांद्यांच्या मधे, नाहीतर डोकं. फांदीवरच्या पक्ष्यामागे जाड बुंधा नसेल तर ट्रिगरला हात लावू नका. वर मारलेला छर्रा काहीशे मीटर जातो, कुठे पडेल नेम नाही.

छर्रा गोल डोक्याचा. टोकदार किंवा पोकळ डोक्याचे खोक्यावर छान दिसतात, पण या ताकदीला पोकळ डोकं फारसं उमलत नाही आणि नेम मात्र बिघडतो.

मांडवीकर:
आणि स्प्रिंग?

गोळीबंद:
नवख्याला पहिल्याच हंगामात पक्ष्यांवर नको. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो, बंदूक मागे येते. पिस्टन टोकाला थडकला की बंदूक पुढे झटका खाते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत हे सुरू झालेलं असतं, त्यामुळे धरण्यात कणभर फरक पडला तरी छर्रा दुसरीकडे. डावा तळहात उघडा, बंदूक त्यावर नुसती टेकलेली, मूठ आवळायची नाही, जागा दर वेळी तीच. कठड्यावर टेकवली तर छर्रे विखुरलेच. दुर्बीण स्प्रिंगसाठी बनवलेलीच हवी, त्या पुढच्या झटक्याने साधी दुर्बीण आतून सैल होते. रिकामी चालवली तर पिस्टनचं सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. पुन्हा लपणात बसून दर छऱ्याला नळी मोडायची, ती हालचाल पक्ष्याला दिसते.

सूरसागर_काठ:
स्प्रिंगला नावं ठेवताना पीसीपीच्या खोड्याही सांगा की. २०० बार दाबापर्यंत हातपंपाने भरताना घाम निघतो. दमट हवेत पाणी आत जातं, पुढे व्हॉल्व गंजतो. ओ-रिंगवर (रबरी सीलवर) केसाएवढा कचरा बसला तरी रात्रभरात हवा गळून सकाळी काटा शून्यावर. आणि कुठे कुरकुरलं म्हणून कोणी साधं तेल सोडलं तर दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं. स्प्रिंग दहा वर्षं कोपऱ्यात ठेवा, उचला, चालवा.

गोळीबंद:
सगळं खरं. म्हणून हातपंप टाळून ३०० बारची डायव्हिंगची टाकी घ्यायची, दुकानात कोरडी हवा भरून मिळते. बंदूक पूर्ण रिकामी करून ठेवायची नाही, थोडा दाब राहू द्यायचा, म्हणजे सील बसलेली राहतात.

अलकापुरी७:
भाचा दिवाळीत बडोद्याला येईलच. आपली छऱ्याची बंदूक घेऊन डभोईकडे होल्यांवर हात साफ करू द्या की!

वढवाणा_पक्षीमित्र:
अजिबात नाही. होला, तितर, लावा सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि त्या कायद्यात शिकारीचा प्रयत्न म्हणजेही शिकारच. डभोईकडचा वढवाणा तलाव तर २०२१ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. इथे लायसन्सशिवाय मिळते ती .१७७, २० जूलपर्यंतची, आणि ती कागदाच्या निशाण्यासाठी. पक्ष्यांसाठी नाही.

रावपुरा_१७७:
कागदावरच करू द्या सराव. इथे हाताला .१७७ ची सवय लागेल आणि तिकडे जाऊन .२२ धरायची, हे कशाला?

सूरसागर_काठ:
सवय कॅलिबरची नाही, ट्रिगरची लागते. मी .२२ वरच आहे.

गोळीबंद:
मांडवीकर, भाच्याला एवढं सांगा. जी घेशील तिच्यासाठी पाच वेगवेगळ्या छऱ्यांचे डबे आण. २५ मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे, तीनदा. एकाच कंपनीच्या दोन नळ्यांनासुद्धा वेगळा छर्रा मानवतो. स्कर्ट (छऱ्याची मागची पोकळ कड) चेपलेले आधीच बाजूला काढ. ज्याचे पाचही दर वेळी दहाच्या नाण्याखाली झाकले जातात तो छर्रा तुझा. आणि हे ज्या अंतरापर्यंत जमतं त्याच्या पुढचा पक्षी सोडून द्यायचा.

मांडवीकर:
कळवतो. पीसीपी पटली. .१७७ चं अजून पटत नाही, पण मॅगझिनचा मुद्दा त्याला सांगतो.